सारंगाच्या हातचं पाणी

ते विमान परत फिरून आलं तसा शमसू सारंग ओरडला, "आडवे व्हा रे! कोणी मान वर करायची नाही!"

आडवं कुठे व्हायचं, कपाळ? लाईफबोट ती. माणसावर माणूस पडला. मी विश्राम, सुकाणी. माझ्या हातात सुकाणू, ते सोडून पडायची सोय नाही, म्हणून मी एकटा बसून राहिलो आणि डोळे गच्च मिटले. सकाळी याच जातीच्या विमानांनी आमचं काय केलं ते बघितलेलं होतं.

आमची मालाची बोट कलकत्त्याहून कोलंबोला निघालेली. बेचाळीस सालचा एप्रिल, बंगालचा उपसागर, पाणी कसं अगदी तेलासारखं शांत. सकाळी न्याहारीच्या वेळेला जपानी आले. आधी मोठी विमानं आली, त्यांनी बॉम्ब टाकून बोटीचं पोट फाडलं. मग ही छोटी आली. एकच माणूस बसणारी, पंखांवर लाल गोळे. आम्ही लाईफबोटी पाण्यात सोडत होतो तेव्हा ती इतकी खाली आली की वाऱ्याने टोप्या उडाल्या. गोळ्यांचा पाऊस पाडून गेली. आमच्या लाईफबोटीच्या कुशीला भोकं पडली, त्यात आम्ही सदरे कोंबले. गोरा मालमसाहेब, बोटीवरचा अधिकारी, आमच्यात होता, पण त्याच्या पोटात गोळी गेलेली. त्याला शुद्ध नव्हती. म्हणजे हुकूम आता सारंगाचा, खलाशांचा मुकादम तोच.

दुसरी लाईफबोट पलीकडच्या बाजूने सुटली होती. तिच्यात इंजिनातली माणसं होती, आणि त्यांत सारंगाचा धाकटा भाऊ कासम. तेलवाला होता तो. इंजिनाला तेल घालायचं काम, त्यामुळे बारा महिने काळाकुट्ट. सारंगानेच त्याला जयगडहून आणून बोटीवर लावला होता. आईला शब्द देऊन आणला होता. धुराच्या लोटात ती लाईफबोट दिसेनाशी झाली ती झालीच. सकाळपासून सारंग धुराकडे तोंड करून हाका मारत होता. घसा पार बसला होता त्याचा.

तर ते विमान. डोक्यावरून गेलं, गोळी आली नाही. परत वळलं, परत गेलं, तरी गोळी नाही. मी एक डोळा उघडला. त्याने डोक्यावरची काच मागे सारली होती आणि वाकून खाली बघत होता. पार क्षितिजापर्यंत गेला, परत आला. दुसऱ्या दिशेला गेला, परत आला.

"हा करतोय काय?" भिवा बोलला. भिवा आडिवरेकर, आमचा आगवाला. भट्टीसमोर काम करून करून डोकंही भट्टीसारखं झालेलं.

"वाट चुकलाय," सारंग बोलला.

"आभाळात कसली वाट, सारंगानु?"

"त्याची बोट गेली निघून. मी त्रिंकोमालीला बघितलीय इंग्रजाची असली बोट, वर सपाट मैदान असतं. तिथूनच उडायचं आणि तिथेच उतरायचं. पण बोट काय एका माणसासाठी उभी राहते? ती चालत राहणार. ह्याने जिथे सोडली तिथे आता नुसतं पाणी आहे."

पुढे विशाखापट्टणच्या इस्पितळात एका आरमारी शिपायाने मला सांगितलं, की ही जपानी विमानं वजनाला अगदी हलकी. लांब पल्ला गाठायचा म्हणून अंगावरचं सगळं कमी केलेलं. उडवणाऱ्याच्या पाठीमागे पोलादाचा पत्रा नाही. कित्येक जण उडी मारायची छत्रीही घ्यायचे नाहीत, आणि बिनतारी यंत्र धड चालत नाही म्हणून तेही काढून टाकायचे. म्हणजे एकदा का चुकला की हाक मारायला तोंडही नाही. आम्हाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त बघत होतो.

शेवटी ते आमच्या जळणाऱ्या बोटीच्या धुरामागे गेलं. इंजिन खोकल्यासारखं करायला लागलं, मग गप्प झालं. धप्प असा आवाज आला. भिवाने टाळी वाजवली. "गेला मेला! बरी खोड मोडली!" सगळे हसले, मीसुद्धा हसलो. खोटं कशाला बोलू, इतकं बरं वाटलं होतं मला.

सारंग तेवढा हसला नाही. "तिकडे कासम आहे," बोलला, "तिकडे वल्हवा."

ऊन उतरायला लागलं तोवर आमच्या बोटीचं नाक पाण्याखाली गेलं होतं, आग विझली होती. पाण्यावर तेलाचा जाड थर, त्यात फळ्या, खोकी, मेलेले मासे. आम्ही त्यातून हळूहळू वल्हवत होतो. एका फळीला धरून एक डोकं दिसलं, वरपासून खालपर्यंत काळं.

"कासम!" सारंग इतक्या जोराने ओरडला की लाईफबोट कलली. "कासम, अरे मी आलो! धर, धर!"

त्याने स्वतः खाली वाकून काखेत हात घालून त्याला वर ओढला. तो माणूस तळाशी पडून तेल ओकत होता. सारंगाने कंबरेची करवंटी सोडली, पाण्याच्या पिंपात बुडवली. आम्हाला दिवसभरात अर्धी अर्धी मिळाली होती. त्याने काठोकाठ भरली आणि त्याच्या तोंडाला लावली. "पी, बाबा पी." त्याने घटाघट सगळी प्यायली.

आता इथे हे पाणी काय ते सांगायला हवं. आमच्या जयगडच्या खाडीत चाल होती. माणूस पहिल्यांदा गलबतावर चढला की तिथला मुखिया, तांडेल, आपल्या हाताने त्याला करवंटीतून पाणी द्यायचा. हिंदू असो, मुसलमान असो. ते पाणी प्याला की तो त्या गलबताचा झाला. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याच्यावर कोणी हात उगारायचा नाही आणि त्यानेही गलबताशी खोटं बोलायचं नाही. आणि कोणाचं तांडेलाशी बिनसलं, काम सोडायचं झालं, तर भांडण नको की तंटा नको. भरलेली करवंटी न पिता तांडेलाच्या हातात परत द्यायची. संपलं नातं. शमसू सारंग वाफेच्या बोटींवर आला तरी त्याने ती चाल सोडली नव्हती. आम्हा सगळ्यांना त्याने पहिल्या दिवशी असंच पाणी दिलं होतं. गोरे साहेब हसायचे.

सारंगाने लुंगीच्या टोकाने त्या माणसाचं तोंड पुसलं. कपाळ पुसलं, डोळे पुसले, आणि हात थांबला. ते नाक कासमचं नव्हतं. डोळेही नव्हते. अंगात जाड खाकी कपडे, वर कापूस भरलेलं पोहायचं जाकीट, डोक्याला चामड्याची टोपी.

"जपानी!" कोणीतरी किंचाळलं.

भिवाने लाईफबोटीतली कुऱ्हाड उचलली. "बाजूला व्हा, सारंगानु."

"हात खाली घे."

"सकाळी आपल्यावर गोळ्या घातल्यान्, हा तोच आहे! साहेबाच्या पोटात बघा काय झालंय! तुमचा कासम कुठे आहे ते विचारा आधी ह्याला!"

"हात खाली घे, भिवा. मी पाणी दिलंय ह्याला."

"कासम समजून दिलंत! चुकून दिलंत!"

सारंगाचं तोंड असं झालं होतं की बघवत नव्हतं. दिवसभर ज्याच्यासाठी घसा फोडला तो हाताशी आला म्हणून काळीज वर आलेलं, आणि निघाला हा. त्याच्या हातात अजून ती रिकामी करवंटी होती. तो बोलला, "पाणी हाताने देतात, भिवा. नावाने देत नाहीत. मी दिलं, हा प्याला. झालं."

"असं? मग मी माझं पाणी परत करतो!"

"कर," सारंग बोलला, "आणि उतर."

भिवाने चारी बाजूंनी पसरलेल्या समुद्राकडे बघितलं. मग शिवी हासडून खाली बसला. तसल्या प्रसंगातही कोणीतरी फिस्सकन हसलं.

जपानी आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. वय पंचवीसच्या आतबाहेर. हातांची कातडी भाजून लोंबत होती. कुऱ्हाड कशासाठी उचलली होती ते त्याला कळलं असणारच. त्याने खिशातून एक लहानशी सोड्याची बाटली काढली, न फुटलेली, आणि दोन्ही हातांनी सारंगासमोर ठेवली. सारंगाने ती साहेबाच्या ओठाला लावली. साहेबाने थोडं गिळलं. पहाटे साहेब गेला, आणि आम्ही त्याला पाण्यात सोडलं. जपान्याने उभं राहून टोपी काढली. भिवा त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

उजाडल्यावर सारंग जपान्यासमोर मांडी घालून बसला. दोन्ही हातांची ओंजळ करून होडी दाखवली, मग आमच्या लाईफबोटीवर थाप मारली, मग बोटाने "दुसरी" अशी खूण केली आणि हात पसरले. कुठे?

जपान्याने भाजलेला पंजा सपाट धरून विमान केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं. खाली दुसऱ्या हाताची ओंजळ. ओंजळीत एक बोट उभं केलं आणि ते बोट डावीउजवीकडे हलवलं. हात हलवणारा माणूस. एकच. मग त्याने उत्तरेकडे बोट दाखवलं.

सारंग ताडकन उठला. "एक जण जिवंत आहे. वरून बघितलंन् ह्याने, काल फिरत होता तेव्हा. विश्राम, बघितलंस? एक जण हात हलवतोय!"

"खोटं बोलतोय," भिवा बोलला. "त्याच्या बोटी असतील तिकडे. आपल्याला आयतं नेऊन त्यांच्या तोंडात घालायचं आहे. आणि एक जण असला तरी तो तुमचा कासमच कशावरून?"

"कोणीही असो. आपलाच माणूस आहे."

"किनारा पश्चिमेला आहे सारंगानु, आणि वारा आपल्या बाजूने आहे. पाणी बघा पिंपात किती उरलंय. मी काही चुकीचं बोलतोय का? विचारा सगळ्यांना."

सगळ्यांना विचारावं लागलंच नाही. माणसं खाली बघत होती. सारंगाने मला विचारलं, "विश्राम, तू काय बोलतोस?"

मी बोललो, "वारा चांगला आहे, सारंग. उत्तरेला गेलो तर असा वारा परत मिळेल न मिळेल." यात खोटं काही नव्हतं. सुकाण्याने जे सांगायचं तेच मी सांगितलं.

तो हुकूम सोडू शकत होता. सारंगाचा हुकूम कोण मोडतंय? पण तो बोलला, "माझ्या भावासाठी मी तुमच्या जिवावर हुकूम सोडणार नाही." आणि मला खूण केली. मी शीड भरून घेतलं आणि पश्चिम धरली.

जपानी उठून उभा राहिला. उत्तरेकडे हात करून काहीतरी बोलायला लागला. कोणी बघेना तसा ओरडायला लागला. एकाने त्याला ओढून खाली बसवला, तो परत उठला. सारंग पुढच्या टोकाला बसून होता, गुडघ्यात मान घातलेली. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. असे आम्ही कितीतरी चाललो. ऊन चढलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, आणि हा एकसारखा उत्तरेकडे बोट करतोय.

शेवटी त्याने काय केलं, अंगातलं ते कापसाचं जाकीट सोडलं. भाजलेल्या हातांनी गाठी सुटत नव्हत्या, दातांनी सोडल्या. ते जाकीट नेऊन भिवाच्या मांडीवर ठेवलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, पाण्याकडे दाखवलं, उत्तरेकडे दाखवलं. आणि भिवाच्या पायाशीच बसला. माझं खोटं निघालं तर मला ढकलून दे, बुडायला सोपं जाईल. हे न कळायला आम्ही काय दगड होतो?

भिवाने जाकीट उलटंपालटं करून बघितलं. मग तो बोलला, "च्यायला... चला, बघू तरी. काय होईल ते होईल."

सारंगाने मान वर केली. मी सुकाणू फिरवलं.

वारा आडवा झाला तसं शीड उतरवून वल्ही घ्यावी लागली. भिवा सगळ्यात जोराने वल्हवत होता. तोंडाने शिव्या देत होता, जपान्याला, सूर्याला, स्वतःला. जपानीही एका वल्ह्याला बसला होता. त्याच्या हातातून रक्त येऊन वल्हं लाल झालं, तरी उठला नाही. सारंग पुढे उभा होता.

दिवस कलायला लागला तेव्हा तो ओरडला, "दिसली! ती बघा!"

खरंच दिसत होती. लाईफबोट काठापर्यंत पाण्यात बुडालेली, बाजूंना पत्र्याच्या हवाबंद पेट्या असतात त्यांच्यावर तेवढी तरंगत होती. तिच्यात एक वल्हं उभं होतं आणि वल्ह्याला सदरा बांधलेला.

"कासम!" घसा नव्हता, तरी सारंग ओरडला. "कासम, आलो रे! आलो आम्ही!"

सदरा हलला, पण तो वाऱ्याने.

कासमच होता. त्याने लुंगीने स्वतःला त्या वल्ह्याशी बांधून घेतलं होतं, बसता बसता पडू नये म्हणून. बाकीचे गुडघाभर पाण्यात पडलेले होते, कालच गेलेले. त्यांचे हातपाय ताठले होते. कासमच्या मांडीत गोळी होती. सारंग त्या लाईफबोटीत उतरला, त्याने कासमचा हात हातात घेतला, आणि हात लवला. अजून ताठला नव्हता. हे सारंगाला कळलं, मला कळलं, आणि भिवालाही कळलं. सकाळी निघालो असतो तर तो जिवंत सापडला असता.

भिवाने वल्हं टाकलं आणि तोंड झाकून घेतलं. सारंग त्याला एक शब्द बोलला नाही. मला तर आजही वाटतं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्या लाईफबोटीची दोरी घेऊन आमच्या मागच्या कडीला बांधली, म्हणजे दोन्ही वेगळ्या होऊन वाहत जायला नकोत. जपानी आपण होऊन पलीकडे उतरला होता. मेलेल्यांना उचलून नीट ठेवायला त्याने सारंगाला हातभार लावला. मग तो लाईफबोटीच्या कुशीला पडलेल्या भोकांवरून हात फिरवायला लागला. एका रांगेत होती सगळी, शिवणीच्या टाक्यांसारखी.

सारंग त्याच्याकडे बघत होता. त्याने भोकांकडे बोट दाखवलं, मग आभाळाकडे, आणि हात पालथा केला. कोणी?

जपान्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

त्याला नाही म्हणता आलं असतं. तसली कितीतरी विमानं होती काल, कोण ओळखणार होतं? त्याने आम्हाला इथवर आणलं, ते काय सापडणार हे ठाऊक असून आणलं. कुऱ्हाड आमच्या बाजूला, भिवाच्या पायाशी होती. भिवाने ती उचलली नाही.

संध्याकाळची पाण्याची वेळ झाली होती. सारंग आमच्या बाजूला आला, पिंप उघडलं, आणि नेहमीसारखं वाटायला लागला. पहिल्याच करवंटीतलं थोडं त्याच्या हातून सांडलं. सगळ्यांना दिलं. मग करवंटी परत भरली आणि वाकून पलीकडे त्या जपान्यापुढे धरली. चाल म्हणजे चाल. मी मनात बोललो, वा रे सारंगा, तुझ्या जागी मी असतो तर देवाशप्पथ नसतं दिलं.

जपान्याने दोन्ही हातांनी करवंटी घेतली. कंबरेतून खाली वाकला. आणि न पिता, एक थेंब न सांडता, भरलेली करवंटी सारंगाच्या हातात परत दिली.

त्याला काय ठाऊक होतं हो आमच्या खाडीची चाल? काही ठाऊक नव्हतं. तहान तर त्याच्या तोंडावर लिहिलेली होती, ओठ फुटले होते. मी ज्याला मारलं त्याच्या भावाच्या हातचं पाणी मी कुठल्या तोंडाने पिऊ, एवढंच त्याचं असेल. पण पाणी परत आलं ते आलंच. आमच्या चालीने नातं तिथेच संपलं.

मग सारंग ती करवंटी घेऊन परत पलीकडे उतरला. लुंगीचं टोक त्या पाण्यात भिजवलं आणि कासमचं तोंड पुसलं. तेल काढलं, डोळे पुसले, कान पुसले, मिशीत अडकलेलं मीठ काढलं. आमच्या प्यायच्या पाण्यातून त्याने आपल्या भावासाठी थेंब मागितला नसता. ते पाणी आता कोणाचंच नव्हतं. सगळं पाणी त्याने कासमच्या तोंडाला लावून संपवलं. मग आमच्यातल्या मुसलमान खलाशांनी दुवा मागितली, आम्ही हात जोडले, आणि एकेकाला पाण्यात सोडलं. कासमला सारंगाने एकट्याने उचललं.

सूर्य बुडायला टेकला होता आणि वारा परत फिरला होता. सारंग आमच्यात येऊन माझ्या शेजारी, मागच्या फळीवर बसला. जपानी पलीकडेच राहिला, त्या फुटक्या लाईफबोटीत पाण्यात बसून.

"अरे ये इकडे!" हाक मारली ती भिवाने. काल कुऱ्हाड घेऊन उठलेल्या भिवाने. "ये रे मेल्या, तिथे काय बसलास? ये!"

जपान्याने मान हलवली.

"राहू दे," मी बोललो, "दोरी आहे. मागून ओढत नेऊ. तहान लागली की येईल आपोआप." आणि मी पुढे बघून शीड चढवायला सांगितलं. शीड भरलं, लाईफबोट पुढे सरकली. मला ती एकदम हलकी लागली. सुकाण्याच्या हाताला हे लगेच कळतं.

मी मागे वळून बघितलं. दोरी पाण्यावर सैल पडली होती आणि ती लाईफबोट मागे मागे राहत होती. जपानी आमच्याकडे तोंड करून ताठ बसला होता. त्याने हाक मारली नाही.

"अरे, जाकीट!" भिवा धडपडत उठला. "त्याचं जाकीट माझ्याकडे राहिलं!" त्याने जीव खाऊन ते मागे फेकलं. अर्ध्यातच पडलं.

"सारंग, फिरवू?" मी विचारलं.

सारंग पुढे बघत होता. "पश्चिम धर," तो बोलला.

मी पश्चिम धरली.

आम्ही किनाऱ्याला लागलो. तेलुगू कोळ्यांनी ओढून घेतलं, तांदळाची पेज पाजली. सरकारी साहेबांनी विचारलं तेव्हा सारंगाने दोन्ही लाईफबोटींचं सांगितलं, जपान्याचं सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. भिवा पुढे बोटीवर गेलाच नाही, आडिवऱ्याला भात लावून राहिला.

शमसू सारंगाने नंतर खूप वर्षं नोकरी केली, पण नव्या माणसाला पाणी द्यायची चाल सोडली. जयगडला घरी बसला तेव्हाही पाहुण्याला पाणी सून आणून द्यायची, हा हात पुढे करायचा नाही. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गर्व झाला.

शेवटच्या दुखण्यात त्याने मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. खोलीतल्या सगळ्यांना त्याने बाहेर काढलं.

"विश्राम," तो बोलला, "ती दोरी सुटली ना रे?"

मी सगळी हयात समुद्रावर काढली. माझी एकही गाठ कधी आपोआप सुटलेली नाही. ती मीच मारली होती, दुहेरी फास देऊन, आणि त्या कडीशेजारी सारंगाशिवाय दुसरं कोणी बसलं नव्हतं.

"सुटली, सारंग," मी बोललो.

"गाठ कोणी मारली होती?"

"मीच."

"मग कच्ची मारली असशील." डोळे माझ्यावर रोखलेले. लहान पोरासारखा बघत होता हो. "मारली असशील ना कच्ची?"

"हो, सारंग. घाईत कच्चीच मारली गेली."

त्याने डोळे मिटले. मग पाणी मागितलं. सुनेला हाक मारायला मी उठलो तर त्याने माझा हात धरून ठेवला. उशाशी ती जुनी करवंटी होती. मी तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि माझ्या हाताने त्याच्या ओठाला लावलं.

तो प्याला.